जुन्या छोट्या ट्रॅक्टरचं तोंड उचलतंय? पुढं वजन किती आणि कसं लावायचं

आमचा 25 एचपीचा जुना ट्रॅक्टर वडिलांनी घेतलेला, अजून रोज रानात जातो. मागं चार फुटी रोटाव्हेटर उचलून ओढ्यातनं वर चढायला लागलो की पुढची चाकं हलकी व्हायची, आणि एका पावसाळ्यात दोन्ही चाकं चांगली वीतभर उचलली, स्टेअरिंग हातात नुसतं फिरतंय आणि ट्रॅक्टर जायचा तिकडंच जातोय. क्लच दाबला म्हणून खाली आला. घरी येऊन पहिला रोटाव्हेटर सोडवला आणि मग नीट हिशोब करूनच पुढं वजन लावलं. तोच हिशोब इथं देतोय, कारण आपल्याकडं अजून पुढं दगड बांधतात नाहीतर पोरग्याला बॉनेटवर बसवतात. पोरग्याला बसवणं तर अजिबात नको, पडला तर थेट चाकाखाली.

आधी काटा करा. ऊस मोजायचा किंवा वाळूचा कुठलाही वजनकाटा चालतो. पहिल्यांदा अवजार सोडून अख्खा ट्रॅक्टर, मग फक्त पुढची चाकं काट्यावर घेऊन, आणि शेवटी अवजार जोडून, पूर्ण उचलून परत फक्त पुढची चाकं. माझे आकडे असे आले: ट्रॅक्टर 1200 किलो, पुढच्या चाकांवर 430, आणि रोटाव्हेटर उचलल्यावर तिथंच 200. म्हणजे मागं 300 किलो उचलले तर पुढनं 230 किलो गायब!

हे कसं होतं ते कळलं की पुढचं सगळं सोपं आहे. पहारीनं दगड उचलताना खाली टेकू देतो ना, तसा मागचा एक्सल हा टेकू. रोटाव्हेटरचं वजन एक्सलच्या मागं साधारण 1.4 मीटरवर लोंबकळतंय, म्हणजे 300 गुणिले 1.4 बरोबर 420. पुढची चाकं एक्सलपासून 1.8 मीटरवर, 420 भागिले 1.8 केलं की 233 येतात, काट्यानं पण तेच दाखवलं. म्हणून अवजार जितकं एक्सलला चिकटून तेवढं बरं.

नियम असा धरतात की अवजार उचललेलं असताना पुढच्या चाकांवर ट्रॅक्टरच्या स्वतःच्या वजनाच्या निदान 20 टक्के तरी पाहिजेत. 1200 चे 20 टक्के 240, माझ्याकडं 200, म्हणजे सपाटीवरच 40 किलो कमी. चढाला तर अजून वजन मागं सरकतं, म्हणून ओढ्याला ती चाकं उचलली.

आता किती लावायचं. पुढच्या चाकांच्या 60 सेंटीमीटर पुढं वजन टांगलं की ते मागच्या एक्सलपासून 2.4 मीटरवर येतं. वजन 80 किलो धरलं तर 80 गुणिले 2.4 भागिले 1.8, साधारण 107 किलो. म्हणजे 80 किलो लावून चाकांवर 107 किलो मिळाले, पुढचा भार 300 च्या वर गेला. लांब टांगल्याचा हा फायदा, पण फार लांब काढू नका, बांधाला धडकतं आणि तो सगळा भार जुन्या ट्रॅक्टरच्या पुढच्या बिडावर, म्हणजे ओतीव लोखंडाच्या भागावर पडतो.

वजन बिडाचंच करा. कोल्हापुरात राहून बिडाला कुठं शोधायचं म्हणून विचारायला नको, शिरोली आणि गोकुळ शिरगावला फाउंड्र्याच फाउंड्र्या आहेत, उद्यमनगरात तर एका गल्लीत लेथ, वेल्डिंग, सगळंच. मी 20-20 किलोचे चार तुकडे घेतले, एकेक माणसाला उचलता येतो आणि हलकं अवजार असेल तेव्हा दोन काढता येतात. 20 किलो बीड पावणेतीन लिटरच्या जागेत मावतं, तेवढंच काँक्रीट केलं तर सव्वाआठ लिटरचा ठोकळा होतो, मग तो रेडिएटरच्या पुढं वारा अडवत बसतो आणि इंजिन तापतं. वाळूचं पोतं तर नकोच, हलतं, फाटतं.

ब्रॅकेट लावताना घाई करू नका. बंपर, जाळी, पत्रा यातल्या कशालाच वजन टांगायचं नाही. पुढचा एक्सल ज्या जाड बिडाच्या भागाला बसलेला असतो त्याच्या तोंडाला कंपनीनं ठेवलेली भोकं असतात, त्यांनाच 75 बाय 40 मिमीचं सी चॅनेल (इंग्रजी सी आकाराची लोखंडी पट्टी) बोल्टनं बसवा. जुन्या बिडाला नवीन भोक पाडलं किंवा वेल्डिंग मारलं की आज नाही तर उद्या तडा जातो, आणि तो रानात मधेच जातो. बोल्टच्या डोक्यावर 8.8 छापलेलं बघूनच घ्या, वर स्प्रिंग वॉशर. तुकड्यांतनं आरपार एक 20 मिमीचा रॉड, दोन्ही टोकांना नट आणि स्प्लिट पिन, म्हणजे आदळआपट झाली तरी सरकत नाहीत. एक्सल मधल्या पिनवर वर-खाली डुलतो, त्यामुळं एक चाक विटेवर चढवून बघा ब्रॅकेट कुठं घासतंय का, आणि हँडल मारून चालू करायचा ट्रॅक्टर असेल तर हँडलची जागा मोकळी ठेवा.

वजन वाढवायच्या आधी पुढची चाकं जॅकवर घेऊन वर-खाली धरून हलवा. खडखड वाजलं तर बेअरिंग नाहीतर किंगपिनचं (पुढचं चाक ज्यावर वळतं ती पिन) बुश गेलंय, आधी ते बदला. टायरमध्ये हवा पण बघा. स्टेअरिंग थोडं जड होणारच, ते चालतं.

एक मोठा गैरसमज असतो की वजन लावलं म्हणजे ट्रॅक्टर आडवा पण पडत नाही. तसं नाही. पुढचा एक्सल मधल्या पिनवर डुलतो, म्हणून आडव्या उतारावर पुढचं वजन फारसं धरून ठेवत नाही, तिथं मागच्या चाकांची रुंदी वाढवणं आणि अवजार खाली ठेवणं उपयोगी पडतं. मागच्या टायरमध्ये पाणी भरल्यानं पण तोंड उचलायचं थांबत नाही, पकड वाढते एवढंच.

ट्रॉली ओढायची असेल तर हूक खालच्या ड्रॉबारलाच लावायचा, टॉप लिंकच्या (अवजाराला वरनं धरणारा दांडा) जागी कधीच नाही. एक्सलच्या वरनं ओढलं की ट्रॅक्टर मागं उलटा होतो आणि उडी मारायला वेळ मिळत नाही, अशा वेळी 80 किलो काही करू शकत नाहीत. मागं जड अवजार असताना खडा चढ आला तर रिव्हर्सनं चढा.

पहिली ट्रायल मोकळ्या सपाट रानात, अवजार फूटभरच उचलून, पहिल्या गिअरमध्ये, क्लच हळू सोडत. दोन वळणं घ्या, दोनदा ब्रेक मारा, मग परत काटा. तासाभरानं सगळे नट पुन्हा पान्यानं तपासा, नवीन ब्रॅकेट बसलं की ते हमखास ढिले होतात, माझे चारपैकी तीन झाले होते.