मधुचंद्रासाठी बेट निवडताना: आधी पंचांग, मग फोटो

"समुद्र बघूक विमानान कित्याक जातास? हय काय कमी आसा?"

आमच्या आत्येसासूबाईंनी हे विचारलं तेव्हा आम्ही लग्नाच्या याद्या करत बसलो होतो. घर मालवणात, जेटीपासून पाच मिनिटांवर. मी हसून विषय बदलला. पण बेट निवडायला बसलात तर सुरुवात याच प्रश्नापासून करा, आणि उत्तर खरं द्या. आपल्या दर्यात नाही असं काय शोधायला निघालोय?

माझ्या मते दोनच गोष्टी. पहिली, नितळ पाणी. आपल्या नद्या सह्याद्रीवरून गाळ घेऊन थेट समुद्रात उतरतात, त्यामुळे हिवाळ्यातल्या चांगल्या दिवशीसुद्धा आपलं पाणी हिरवट आणि धुकट असतं. दुसरी गोष्ट एकांत. देवबागच्या किनाऱ्यावर नवराबायको हातात हात घालून चालले, तर सूर्य मावळायच्या आत ती बातमी कट्टा गावच्या बाजारात पोचलेली असते.

माड, वाळू, माशाची आमटी, झोपाळा हे सगळं आपल्या परड्यात आहे. त्यासाठी लाख-दोन लाख मोजू नका. घाटमाथ्यावरच्या जोडप्याला कुठलाही किनारा दाखवला तरी ते खूश होतं, आपलं तसं नाही. म्हणून पुण्याच्या मैत्रिणीला जे बेट आवडलं ते तुम्हाला आवडेलच असं समजू नका.

पायरी १: लग्नाची तारीख समोर ठेवा

बेट तुम्ही निवडत नाही. अर्धं काम मुहूर्त करतो, उरलेलं वारा.

आपल्याकडची लग्नं दोन हंगामांत होतात. तुळशीची लग्नं लागली की एक, आणि चाकरमानी गावाला येतात तेव्हा, एप्रिल-मे महिन्यांत, दुसरा. तुळशीनंतरचं लग्न असेल तर तुम्ही नशीबवान. डिसेंबरअखेर ते मार्च या काळात अंदमान, लक्षद्वीप, मालदीव, श्रीलंकेचा दक्षिण-पश्चिम किनारा, थायलंडमधलं फुकेत यांपैकी काहीही निवडा, समुद्र साथ देतो. नोव्हेंबरात मात्र अंदमानची घाई नको. तिथे ईशान्येकडून येणारा पाऊस तोपर्यंत पुरता सरलेला नसतो.

खरी गोची मे महिन्यातल्या लग्नांची. आमचं लग्न वैशाखातलं. एजंटने अंदमानचं पॅकेज "ऑफ सीझन" म्हणून स्वस्तात दिलं आणि आम्ही ते आनंदाने घेतलं. मे महिन्याचा शेवटचा आठवडा. शेजारचे काका आयुष्यभर ट्रॉलरवर काढलेले, ते एवढंच म्हणाले, "मे सरताना दर्याचो भरवसो नाय." आम्हाला वाटलं ते मालवणबद्दल बोलतायत. पाऊस आपल्याकडे जूनच्या पहिल्या आठवड्यात येतो, मग मे महिन्यात काय अडचण? अडचण ही की मान्सून केरळात सर्वसाधारणपणे १ जूनला पोचतो, पण अंदमानच्या समुद्रात तो त्याच्या आठ-दहा दिवस आधीच उतरलेला असतो. आपण त्याच्या स्वागतालाच जाऊन उभे राहिलो, हे आम्हाला पोर्ट ब्लेअरला कळलं. पुढच्या बेटावर जाणारी फेरी दोन दिवस रद्द. आम्ही लॉजच्या खिडकीत बसून पत्र्यावरचा पाऊस ऐकला. तो तर माझ्या माहेरीही फुकट मिळतो.

मे-जूनमध्ये लग्न असेल तर विषुववृत्त ओलांडा. तिकडे तेव्हा कोरडा काळ असतो. बालीत साधारण एप्रिल ते ऑक्टोबर ऊन असतं. मॉरिशसमध्ये मे ते ऑक्टोबर म्हणजे त्यांचा हिवाळा, हवा गार आणि पाऊस कमी. जुलै-ऑगस्टमध्ये तिथल्या पूर्व किनाऱ्यावर वारा फार, म्हणून मुक्काम पश्चिमेला, फ्लिक आँ फ्लॅकच्या बाजूला घ्या. उलट जानेवारी ते मार्च हा मॉरिशसचा चक्रीवादळांचा काळ. श्रीलंकेची गंमत वेगळी. एका किनाऱ्यावर पाऊस असतो तेव्हा दुसरा कोरडा असतो. मे ते सप्टेंबर त्रिंकोमाली आणि पासिकुडाचा पूर्व किनारा चांगला, डिसेंबर ते मार्च बेंटोटा-मिरिस्साचा. देश तोच, पण एजंटला महिना सांगून किनारा विचारून घ्या.

लक्षद्वीपचं नाव मे महिन्यात काढूच नका. मेच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत पर्यटकांच्या बोटी बंद असतात.

तारीख धरताना आणखी एक गोष्ट. सत्यनारायण, गावदेवीची ओटी, कुलदेवतेचं दर्शन (ती गोव्यात असेल तर पूर्ण एक दिवस), पाचपरतावण हे सगळं उरकल्यावर दोन रात्री झोप काढा आणि मग निघा. लग्नाच्या तिसऱ्या दिवशीचं विमान धरणारी जोडपी बेटावर जाऊन आजारी पडतात.

पायरी २: बसायचं की फिरायचं?

दोघांनी वेगवेगळ्या कागदावर लिहा: "तिसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता मी काय करत असेन?" मग कागद बदला. गंमत नाही, इथेच बेटाचा प्रकार ठरतो.

बेटं दोन जातींची. मालदीव आणि लक्षद्वीप ही प्रवाळबेटं. डोंगर नाही, नदी नाही, म्हणून गाळ नाही, आणि म्हणूनच ते काचेसारखं पाणी. मालदीवची जमीन समुद्रापासून सरासरी दीड मीटरच्या आसपासच उंच. भोवती प्रवाळाचं कुंपण असतं, लाटा तिथेच फुटतात आणि आतलं पाणी तळ्यासारखं शांत राहतं. पोहता न येणाऱ्यांना (आपल्यात असे किती निघतात, हे आपल्यालाच ठाऊक) यासारखी जागा नाही. पण बेट वीस मिनिटांत चालून संपतं. नंतर पाणी आहे, मासे आहेत आणि तुम्ही दोघं. "आज कुठले पॉइंट बघायचे?" असं विचारणारा नवरा तिथे तिसऱ्या दिवशी फोनमध्ये डोकं घालून बसतो.

दुसरी जात डोंगराची. अंदमान, मॉरिशस, बाली, सेशेल्स. इथे रान, धबधबे, देवळं, बाजार, गाडी घेऊन भटकणं. पाणी जागोजागी बदलतं. बालीच्या कुटा, सेमिन्याक या किनाऱ्यांवर लाटा जोराच्या, ते फळीवर स्वार होणाऱ्यांचे किनारे. शांत पाणी हवं तर सानूर किंवा नुसा दुआ. बालीचं वर्ष शकाचं, आपल्यासारखंच. त्यांचा नववर्षाचा न्येपी हा दिवस आपल्या पाडव्याच्या आगेमागे येतो. त्या दिवशी बेटावर दिवे नाहीत, रस्त्यावर माणूस नाही, विमानतळसुद्धा चोवीस तास बंद. पाडव्याच्या सुमारास तिकीट काढत असाल तर आधी ती तारीख बघा.

मॉरिशसबद्दल माझं मन जरा हळवं आहे. १८३४ पासून तिथे करारावर मजूर नेले गेले, त्यांत आपल्या कोकणातले लोकही होते. त्यांची मराठी मंडळी आजही तिथे आहेत आणि गणेश चतुर्थीला देशभर सार्वजनिक सुट्टी असते. पोर्ट लुईसचा आप्रवासी घाट, जिथे ते मजूर जहाजातून उतरले, २००६ पासून जागतिक वारसा आहे. मधुचंद्राला कोणी इतिहास बघायला जात नाही, ठाऊक आहे. तरी अर्धा दिवस काढा. आणि रस्त्यावर मिळणारी ढोल पुरी खा, डाळ भरलेली. गूळ विसरलेली पुरणपोळीच म्हणा.

अंदमानला गेलात तर सासरे सेल्युलर जेलच्या फोटोची वाट बघत असणार. सावरकर तिथे १९११ ते १९२१ होते आणि पुढे १९२४ ते १९३७ रत्नागिरीत स्थानबद्ध, त्यामुळे आपल्याकडे तो घरचाच विषय. एक सूचना: अंदमान आपल्या पुष्कळ पूर्वेला, पण घड्याळ आपलंच. डिसेंबरात पाचच्या सुमारास सूर्य बुडतो. हॅवलॉक बेटावर राधानगरच्या किनाऱ्यावर सूर्यास्त बघायचा तर चारलाच पोचा. आपल्या सवयीने साडेपाचला चहा पिऊन निघालात तर काळोख बघून परत याल. नावंही बदललीत. पोर्ट ब्लेअर आता श्री विजयपुरम, हॅवलॉक स्वराज द्वीप, नील शहीद द्वीप. बुकिंगच्या कागदांवर दोन्ही नावं येतात, गोंधळू नका.

पायरी ३: शेवटच्या होडीपासून उलटं मोजा

जाहिरातीत "मुंबईहून तीन तास" लिहिलेलं असतं. तो वेळ विमानाचा. तुमचा वेळ घराच्या पायरीपासून खोलीच्या पायरीपर्यंत मोजा, आणि मोजायला शेवटच्या टप्प्यापासून सुरुवात करा.

मालदीवचं उदाहरण घ्या. मालेला विमान उतरतं, पण रिसॉर्ट दुसऱ्याच बेटावर. जवळ असेल तर स्पीडबोट, लांब असेल तर सीप्लेन, म्हणजे पाण्यावर उतरणारं विमान. सीप्लेन उजेड असेपर्यंतच उडतं. तुमचं विमान दुपारी उशिरा पोचलं तर ती रात्र मालेत, वेगळ्या पैशांनी. म्हणून मुंबईहून सकाळचं विमान किंवा मग स्पीडबोटवालं बेट.

अंदमानला आपल्याकडून बहुतेक वेळा चेन्नई, कोलकाता किंवा बंगळूरमार्गे जावं लागतं, आणि पुढे स्वराज द्वीपला फेरीने दीड-दोन तास. परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशीच मुख्य बेटावर येऊन राहा. त्याच दिवशीची फेरी आणि विमान जोडू नका, हे मी पैसे भरून शिकले.

लक्षद्वीप आपल्याला त्या मानाने सोपं वाटतं. मंगला लक्षद्वीप एक्स्प्रेस रत्नागिरीला थांबते आणि एर्नाकुलमला सोडते, म्हणजे कोचीतच. तिथून लक्षद्वीपच्या अगत्ती बेटाला छोटं विमान किंवा जहाज. जहाजाला बेटानुसार चौदा ते अठरा तास लागतात. प्रवेश परवाना लागतो, तोही आधीच काढलेला. एजंट "बघू, होईल" म्हणत असेल, तर परवाना हातात आल्याशिवाय गाडीचं तिकीट काढू नका.

पायरी ४: परीक्षा घरच्या दर्यात

साखरपुडा झाला की लग्नाआधी एकदा मालवणला या. जेटीवरून होडीने सिंधुदुर्गावर जा, जाऊन या. मग स्नॉर्कलिंग करा, म्हणजे मास्क आणि नळी लावून पाण्याखाली बघा. दोघांपैकी कोणाला होडी लागते, कोणाचा श्वास मास्क लावल्यावर कोंडतो, हे तिथे थोडक्या पैशांत कळतं. होडीत ज्याला मळमळलं, त्याला चौदा तासांच्या जहाजात घालू नका. फक्त २६ मे ते ३१ ऑगस्ट या काळात इथे होड्या बंद असतात, तेवढं सांभाळा.

लग्नानंतर येणारी जोडपी मी दरवर्षी बघते. मागे एक मुलगी होडीच्या फळीवर बसली होती, दोन्ही हातांत कोपराखाली हिरवा चुडा गच्च. जाकिटातून हात जाईना. बांगडी काढायला ती तयार नव्हती, फोडायला तर नाहीच. शेवटी होडीवरच्या पोराने आपला रुमाल ओला करून चुड्यावर घट्ट गुंडाळला, वर तिच्या ओढणीचं टोक बांधलं, आणि ती तशीच पाण्यात उतरली. बाहेर आली तेव्हा एकही बांगडी पिचली नव्हती. तिने हात वर करून पहिल्यांदा त्या मोजल्या, मासे किती दिसले ते नंतर सांगितलं. प्रवाळाजवळ काच फुटली तर हात कापतो, म्हणून घरून निघतानाच थोड्या बांगड्या ठेवून बाकी काढून ठेवा. मोठं मंगळसूत्र घरी, गळ्यात काळ्या मण्यांची साधी पोत.

पाळीची तारीखही याच वेळी बघा. कोणी सांगत नाही, पण अर्ध्या बायका पाण्याच्या बेटावर जाऊन काठावर बसतात ते याचमुळे.

पायरी ५: पैसे

मालदीवच्या किमतींपुढे दोन अधिकची चिन्हं असतात. त्यांचा अर्थ १० टक्के सेवाशुल्क आणि त्यावर १७ टक्के कर. म्हणजे १०० चे जवळजवळ १२९ होतात. शिवाय माणशी, दर दिवसाचा हरित कर वेगळा. सीप्लेनचा जाण्या-येण्याचा खर्च पुष्कळदा मुंबई-माले तिकिटाला मागे टाकतो. बजेट कमी असेल तर माफुशीसारखी वस्तीची बेटं आहेत, तिथे गेस्टहाऊस मिळतात. तिथे दारू नाही, आणि पोहण्याच्या कपड्यांसाठी ठरवून दिलेला किनारा असतो.

परदेशी सहलीच्या पॅकेजवर टीसीएस, म्हणजे बुकिंगच्या वेळीच घेतला जाणारा आगाऊ आयकर, कापतात. तो बुडत नाही, आयकर विवरणपत्रात वळता करून घेता येतो. पावती जपा, आणि ज्याच्या पॅनवर कापला त्यानेच विवरणपत्र भरायचं आहे हे लक्षात ठेवा.

पायरी ६: जेवण आणि वार

डिसेंबरातलं लग्न म्हणजे मार्गशीर्ष. नव्या सुनेचे गुरुवार असतील तर बुकिंग करतानाच शाकाहारी जेवणाचं विचारून ठेवा, कारण प्रवाळबेटांवर सगळं ट्यूनावर चालतं. मासे चालत असतील तर मात्र मालदीवमध्ये नाश्त्याला मास हुनी मागा: खवलेला नारळ, ट्यूना, कांदा, मिरची, लिंबू, सोबत रोशी, म्हणजे तिथली चपाती. आईच्या हातचं सुकटीचं कालवण आठवेल.

पायरी ७: कागद

तिकीट पासपोर्टवरच्या नावानेच काढा. पासपोर्ट माहेरच्या नावाचा असेल तर तिकीटही माहेरच्याच नावाचं. लग्नात तांदळावर लिहिलेलं नवं नाव विमानतळावर चालत नाही. नाव बदलायचं ते परत आल्यावर. पासपोर्टची मुदत किमान सहा महिने शिल्लक हवी. मालदीव आणि मॉरिशसचा व्हिसा भारतीयांना पोचल्यावर विनाशुल्क मिळतो, बालीचा पैसे भरून.

आणि मालदीवला जात असाल तर आईने पाठवणीत दिलेला बाळकृष्ण बॅगेत घेऊ नका. पूजेच्या मूर्ती आणि दारू, दोन्ही तिथे नेता येत नाहीत. तो सासूबाईंकडे देऊन जा, त्या आठ दिवस त्याला आंघोळ घालतील.