सॉफ्ट कॉन्टॅक्ट लेन्स निवडताना खोक्यावर काय वाचावे

कॉर्नियात, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पटलात, रक्तवाहिन्या नसल्याने जागेपणी त्याला प्राणवायू मुख्यतः हवेतून, अश्रूंवाटे मिळतो. म्हणून खोक्यावर आधी लेन्स कशाची बनली आहे ते वाचावे. साध्या हायड्रोजेलमधून, म्हणजे पाणी धरून ठेवणाऱ्या मऊ प्लास्टिकमधून, प्राणवायू त्यातील पाण्यावाटे जातो, तर सिलिकॉन हायड्रोजेलमधून तो सिलिकॉनवाटे कितीतरी अधिक जातो. होल्डन आणि मर्ट्झ या संशोधकांनी १९८४ मध्ये लेन्सच्या प्राणवायू-वहनाचा (डीके/टी) किमान अंक दिवसाच्या वापरासाठी सुमारे २४ आणि रात्रभराच्या वापरासाठी ८७ असा मांडला. अर्थात अंक कितीही मोठा असला, तरी लेन्स घालून झोपू नये, कारण जंतुसंसर्गाचा धोका त्याने टळत नाही. पाण्याचे प्रमाण जास्त म्हणजे डोळा ओलसर राहील, हा समजही फसवा आहे; अशी लेन्स एसीत उलट लवकर सुकू शकते.

‘बीसी’ म्हणजे लेन्सच्या आतल्या बाजूची वक्रता-त्रिज्या, बहुधा ८.४ ते ८.८ मिलिमीटर. पापणी लवताना लेन्स किंचित सरकली पाहिजे. घट्ट लेन्स सुरुवातीला सुखद वाटते, पण पुढे डोळा लाल होऊ शकतो. केवळ अंकांवरून हे कळत नाही, त्यामुळे खरेदीआधी लेन्स डोळ्यात घालून स्लिट लॅम्पखाली, म्हणजे डोळे तपासण्याच्या सूक्ष्मदर्शकाखाली, तपासून घ्यावी.