बिल्डच्या फायली गिटहबवर ठेवायच्या आणि परत काढायच्या कशा
महाप्याच्या ऑफिसातून गिटहबवर (कोड ठेवायची वेबसाइट) बिल्ड, म्हणजे कोडमधून प्रोग्राम तयार करायचं काम, लावला, ऐरोलीला घरी येऊन बघतो तर फाईल गायब, कारण जॉब (ते काम) संपला की रनर, म्हणजे ते चालवणारं गिटहबचं तात्पुरतं मशीन, पुसला जातो. म्हणून गिटहब अ‍ॅक्शन्सची आर्टिफॅक्ट लायब्ररी (अशी कामं आपोआप चालवायच्या या सोयीत बिल्डच्या फायली साठवणारा तयार कोड) वापरा, अपलोडला नाव, फायलींची यादी आणि रूट फोल्डर द्यायचं की आयडी मिळतो, तो जपा, डाउनलोडला नाव नाही आयडीच लागतो (नाव माहीत असेल तर गेटआर्टिफॅक्ट फंक्शनने आयडी काढता येतो). एकाच रनमध्ये (कामाच्या एका फेरीत) तेच नाव परत दिलंत तर एरर, त्यामुळे नावामागे बिल्ड कशासाठी आहे ते, लिनक्स किंवा विंडोज असं काहीतरी, जोडा. आणि हो, अपलोडला फायली झिप होताना एक्झिक्युटेबल परमिशन (फाईल प्रोग्राम म्हणून चालवायची परवानगी) उडते, मी तासभर ‘परमिशन डिनाइड’ बघत डोकं धरून बसलेलो, तेव्हा आधी टार करा (परवानग्या जपून फायली एकत्र बांधणारा प्रकार) मगच अपलोड करा. फायली किती दिवस ठेवायच्या ती मुदत काही सांगितली नाही तर डिफॉल्ट ९० दिवस.