मानसशास्त्राचे पहिले वर्ष : ओळखीच्या शब्दांमुळे होणाऱ्या या चुका टाळा

पदवीच्या पहिल्या वर्षी मानसशास्त्र घेतलेल्या विद्यार्थ्याला स्मृती, प्रेरणा, भावना, बुद्धिमत्ता ही प्रकरणांची नावे पाहून विषय अर्धाअधिक आपल्याला येतोच असे वाटते आणि पहिल्याच चाचणीत गुण कमी पडले की नेमके कुठे चुकले, हे त्याला उमगत नाही. बहुतेक वेळा चुकीचे मूळ एकच असते: शब्द ओळखीचा आहे, म्हणजे संकल्पना कळली, असे तो धरून चालतो.

याचे सर्वांत ठळक उदाहरण ऋण प्रबलनाचे, म्हणजे नकोशी गोष्ट दूर झाल्यामुळे वर्तन वाढण्याचे. ‘ऋण’ म्हणजे वाईट, म्हणून ऋण प्रबलन म्हणजे शिक्षा, असा अर्थ लावून उत्तर लिहिले जाते. वास्तविक मानसशास्त्रज्ञ स्किनर यांच्या साधक अभिसंधानात (वर्तनाच्या परिणामांतून होणाऱ्या शिकण्यात) धन आणि ऋण हे शब्द बेरीज-वजाबाकीच्या अर्थाने येतात आणि प्रबलन कोणतेही असो, त्यामुळे वर्तन वाढतेच. डोके दुखत असताना गोळी घेतली, दुखणे थांबले आणि पुढच्या वेळी माणूस लगेच गोळीकडे वळू लागला, तर ते ऋण प्रबलन होय. मुलगा उशिरा घरी आल्यामुळे त्याचा मोबाइल काढून घेतला आणि उशिरा येणे कमी झाले, तर ती ऋण शिक्षा. गोंधळ होत असेल तर आधी वर्तन वाढले की घटले हे ठरवावे आणि मगच काही दिले गेले की काढून घेतले गेले, हे पाहावे.

संशोधनाचे निष्कर्ष लिहितानाही असेच होते. मानसशास्त्रज्ञ मिलग्रम यांच्या १९६३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, संशोधकाच्या सांगण्यावरून सहभागींना ‘शिकणाऱ्या’ व्यक्तीला चुकीच्या उत्तरासाठी विजेचे वाढते (प्रत्यक्षात खोटे) झटके द्यायचे होते. त्याबद्दल ‘६५ टक्के माणसे आंधळेपणाने आज्ञा पाळतात’ एवढेच लिहून विद्यार्थी मोकळे होतात. प्रत्यक्षात शिकणारी व्यक्ती भिंतीपलीकडे असताना ४० पुरुषांपैकी २६ जण ४५० व्होल्टपर्यंत गेले, एवढाच त्या आकड्याचा अर्थ आहे. तीच व्यक्ती सहभागींच्या खोलीत बसवल्यावर प्रमाण ४० टक्क्यांवर आले. परिस्थिती वगळून लिहिलेला आकडा अपुरा असतो, किंबहुना माझ्या मते तो चुकीचाच ठरतो. तसेच, प्रत्येक संशोधनाला सरसकट ‘प्रयोग’ म्हणू नये. संशोधकाने स्वतंत्र चल (ज्याचा परिणाम तपासायचा तो घटक) स्वतः बदललेला नसेल आणि केवळ सहसंबंध, म्हणजे दोन गोष्टी सोबत बदलतात का एवढेच, मोजले असेल, तर कार्यकारणभाव सांगता येत नाही.

मराठी माध्यमातून आलेल्यांनी संज्ञा मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत लिहून ठेवाव्यात.

राहिली अभ्यासाची पद्धत. पुन्हा पुन्हा वाचल्याने मजकूर ओळखीचा होतो, पण तो टिकतोच असे नाही. रोडिगर आणि कार्पिक या संशोधकांच्या २००६ च्या एका प्रयोगात पाच मिनिटांनंतर पुन्हा वाचणाऱ्यांना ८१ टक्के आणि न पाहता आठवून लिहिणाऱ्यांना ७५ टक्के मजकूर आठवला. आठवड्यानंतर मात्र हेच प्रमाण अनुक्रमे ४२ आणि ५६ टक्के झाले. म्हणून प्रकरण संपले की पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर आठवेल तेवढे लिहावे आणि जिथे पेन अडेल, तेवढाच भाग पुन्हा उघडून वाचावा.