पंपाचा हेड, पाइपचा केजी, गेजचा काटा : दाबाची एकके अशी जुळवा

पंपाच्या नेमप्लेटवर हेड, म्हणजे पंप पाणी किती उंच चढवतो तो आकडा, मीटरमध्ये असतो, कधी फुटांत. पीव्हीसी पाइपवर ०.६ मेगापास्कल छापलेलं असतं आणि दुकानदार त्यालाच ‘सहा केजी’ म्हणतो. ठिबकच्या फिल्टरवरच्या गेजवर, म्हणजे दाब दाखवणाऱ्या काट्यावर, किलो आणि पीएसआय (दर चौरस इंचावर पौंड) अशा दोन पट्ट्या. हे सगळे आकडे दाबाचेच. ते एका एककात आणल्याशिवाय पाइप विकत घेऊ नका.

आधी एकक ठरवा. शेतीच्या कामाला किलो सोयीचा, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर एक किलो वजनाइतका दाब. १० मीटर उंच पाण्याचा स्तंभ तळाशी एवढाच दाब देतो. टाकी रुंद की अरुंद याला महत्त्व नाही, उंचीच मोजायची.

मग प्रत्येक आकडा किलोत आणा :

मीटर हेड : १० ने भागा
फूट हेड : ३२.८ ने भागा
पीएसआय : १४.२ ने भागा
मेगापास्कल : १० ने गुणा
किलोपास्कल : १०० ने भागा
बार : आहे तोच आकडा धरा

शेवटच्या तिन्हींत सुमारे दोन टक्के फरक राहतो, पण शेतावर तेवढा चालतो. गेजवर ३० पीएसआय दिसलं, तर ते २.१ किलो, म्हणजे २१ मीटर पाणी.

आता खरा हिशेब. विहिरीत पाणी काठापासून १२ मीटर खाली आहे, शेत काठापेक्षा १४ मीटर उंचावर. चढ झाला २६ मीटर. ठिबकला साधारण १ किलो लागतो, म्हणजे आणखी १० मीटर. फिल्टरला ५ आणि पाइपमधल्या घर्षणाला ४ धरले, तर एकूण ४५ मीटर. सबमर्सिबल (पाण्यात बुडवून चालवायचा पंप) विहिरीत असेल तर काठावरच्या पाइपमध्ये ४५ वजा १२, म्हणजे ३३ मीटर किंवा ३.३ किलो दाब असतो. चार केजीचा पाइप पुरेल असं वाटतं ना? इथेच घात होतो. शेतातला व्हॉल्व्ह बंद आणि मोटर चालू राहिली, की दाब चढतो. पंपाच्या तक्त्यात व्हॉल्व्ह बंद असतानाचा हेड ६० मीटर असेल, तर काठावर ४.८ किलो येतात. तिथे सहा केजीचाच पाइप टाका. वाटेत ओढा उतरत असाल तर काठापेक्षा दर १० मीटर उताराला आणखी एक किलो मिळवा.

फिल्टरच्या आधीचा आणि नंतरचा आकडा मात्र एकाच पट्टीवर वाचा. फरक साधारण अर्ध्या किलोच्या वर गेला की फिल्टर धुवायला आलाय.

गेजचा शून्य म्हणजे दाब अजिबात नाही असं नव्हे. हवेचा सुमारे १.०३ किलो दाब सगळीकडे असतोच, गेज त्याच्या वरचाच दाखवतो. काठावरची मोनोब्लॉक मोटर (मोटर आणि पंप एकत्र असलेली) पाणी ओढते ती याच हवेच्या जोरावर. त्यामुळे समुद्रसपाटीलाही १०.३ मीटरच्या खालून पाणी ओढता येत नाही, आणि प्रत्यक्षात सहा-सात मीटरलाच ती हात टेकते. उन्हाळ्यात पाणी त्याखाली गेलं तर जास्त हेडची मोटर घेऊन पैसे घालवू नका. आहे तीच खाली उतरवा किंवा सबमर्सिबल बसवा.