स्कूबा रेग्युलेटरचा होज (नळी) बदलायचाय? दोन पाने (स्पॅनर) घेऊनच बसा

पावसाळ्यात मालवण-तारकर्लीत डायव्हिंग बंद असतं तेव्हा मी सगळे रेग्युलेटर, म्हणजे सिलिंडरमधली हवा श्वासासाठी देणारी उपकरणं, बाहेर काढतो, आणि दरवर्षी कोणीतरी सांगतंच की होजच्या टोकाला रबरी कव्हर घाल, टिकेल. अजिबात नाही. त्या कव्हरखाली मीठ साचतं, आणि धातूच्या टोकाजवळ पडलेली चीर दिसतच नाही. कव्हर मागे सरकवा, होज हळूच वाकवा. चीर, फुगवटा किंवा गंज दिसला की होज बदलायचा, टेप गुंडाळून चालवायचा नाही.

सिलिंडर बंद, पर्ज (तोंडात धरायच्या भागावरचं बटण) दाबून हवा पूर्ण काढा. फर्स्ट स्टेजकडचा (सिलिंडरवर बसणाऱ्या भागाकडचा) लो प्रेशर होज बहुतेक ९/१६ इंची पान्याने सुटतो, हाय प्रेशरचा (दाब दाखवणाऱ्या गेजकडे जाणारा) ५/८ ने.

आता खरं काम सेकंड स्टेजकडचं, म्हणजे तोंडात धरायच्या भागाकडचं. मी पहिल्यांदा केलं तेव्हा सेकंड स्टेज हातात धरली आणि एकच पाना लावून जोर दिला. नट मिठाने जाम होता, त्यामुळे नटाबरोबर आतली इनलेटची (हवा आत येते ती) नळीच फिरली, प्लास्टिकच्या बॉडीतली खाच तुटली आणि हवा सतत सुटायला लागली. अख्खी सेकंड स्टेज गेली. म्हणून एक पाना इनलेटच्या सपाट कडांवर, तो जागचा हलू द्यायचा नाही, आणि दुसरा होजच्या नटावर, हे दोन पाने लागतातच, व्हिडिओत कोणी एका पान्याने करून दाखवलं तरी. दोन्ही दांडे एका मुठीत येतील असे लावा आणि मूठ आवळा, मग झटका बसत नाही. नट हलत नसेल तर कोमट गोड्या पाण्यात भिजवलेलं फडकं अर्धा तास गुंडाळून ठेवा. गंज सोडवायचा स्प्रे मारू नका, त्यातूनच तुम्ही श्वास घेणार आहात! तरीही सुटला नाही तर सरळ टेक्निशियनकडे द्या.

जुनी ओ-रिंग (सांध्यातली रबरी रिंग) इनलेटमध्येच अडकून राहते, ती आधी बघा, नाहीतर नव्या होजची रिंग तिच्यावर बसते आणि गळती सुरू. काढायला टाचणी नको, ओरखडा पडतो, लाकडी टूथपिक घ्या. नव्या रिंगला सिलिकॉन ग्रीसचा नुसता हात (४०% च्या वर ऑक्सिजन वापरत असाल तर ऑक्सिजनसाठीचंच ग्रीस). आटे हाताने शेवटपर्यंत फिरवा, मग पान्याने हलका दाब, साधारण ४.५ न्यूटन-मीटर, बास. हवा ओ-रिंग अडवते, तुमचा जोर नाही.

गेज तोंडापासून लांब धरून सिलिंडर हळू उघडा, सगळं बादलीत बुडवा. बुडबुडे आले तर जास्त आवळू नका, हवा काढा, सांधा परत उघडा आणि ओ-रिंग बघा.