सेल्फ उतरवण्याआधी : जुन्या पद्मिनीच्या वायरिंगमध्ये या चुका टाळा

जुन्या प्रीमियर पद्मिनीचा सेल्फ, म्हणजे इंजिन सुरू करणारी विजेची मोटर, रडत रडत फिरू लागला, किंवा नुसता ‘टक्’ असा आवाज करून थांबला, की मालक आधी नवी बॅटरी आणतो, मग सेल्फ उतरवून त्याचे वायंडिंग भरायला देतो, आणि एवढा खर्च होऊनही दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीला धक्काच मारावा लागतो. हे मी गेली अनेक वर्षे पाहत आलो आहे आणि दर वेळी मला तितकेच वाईट वाटते, कारण त्यातल्या बहुतेक गाड्यांचा सेल्फ मुळात चांगला असतो.

सर्वांत मोठी चूक म्हणजे अर्थिंगकडे दुर्लक्ष करणे. बॅटरीची ऋण वायर बॉडीला जोडलेली असते, परंतु इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेले असल्यामुळे ते बॉडीपासून विजेच्या दृष्टीने वेगळेच राहते. त्या दोघांना जोडण्याचे काम तांब्याच्या तारांची विणलेली एक पट्टी करते. सेल्फ फिरताना शंभराहून अधिक अँपिअर प्रवाह ओढतो आणि तो सगळा या पट्टीतून बॅटरीकडे परततो. शंभर अँपिअरच्या वाटेत ०.०३ ओहम इतका नगण्य भासणारा अडथळा आला, तरी ३ व्होल्ट तिथेच खर्ची पडतात. एवढासा अडथळा निर्माण करायला बोल्टाखालचा गंज किंवा रंगाचा थरही पुरतो.

माझ्या स्वतःच्या १९८१ च्या पद्मिनीचे इंजिन मी एका गॅरेजमध्ये पूर्ण उघडून करून घेतले होते. गाडी परत आली तेव्हा इंजिन रंगवून आरशासारखे झाले होते, पण सेल्फ मात्र दमल्यासारखा फिरत होता. नवीन इंजिन घट्ट असते, चार दिवसांत मोकळे होईल, असे मला सांगण्यात आले आणि मी ते मानले. दोन आठवड्यांनी बॅटरी बदलली, त्यानंतर सेल्फचे कार्बन आणि बुश बदलून घेतले. फरक काहीच पडला नाही. एके दिवशी पावसात अनेकदा सेल्फ मारल्यावर थंड इंजिनासाठी ओढायच्या चोकची मूठ आत ढकलायला गेलो, तर हाताला चटका बसावा इतकी ती तापलेली होती आणि डॅशबोर्डखालून प्लास्टिक जळल्याचा वास येत होता. अर्थिंगच्या पट्टीतून वाट न मिळालेला प्रवाह कार्बुरेटरपासून डॅशबोर्डपर्यंत जाणाऱ्या चोकच्या केबलमधून परतत होता. पट्टी सोडवली तेव्हा तिच्या टोकाखाली तोच चकचकीत रंग सापडला. पॉलिश पेपरने धातू उघडा करून, दातेरी वॉशर घालून पट्टी पुन्हा आवळली आणि पहिल्याच प्रयत्नात इंजिन सुरू झाले. तेव्हापासून सेल्फची तक्रार घेऊन कोणी आला, की मी आधी चोकची केबल आणि अ‍ॅक्सिलरेटरची केबल हाताने चाचपून पाहतो.

त्यानंतर मीटर काढतो. डेल्कोची (स्पार्क प्लगांना वीज वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरची) मधली वायर काढून अर्थ करावी, म्हणजे इंजिन सुरू होणार नाही, आणि सोबत्याला सेल्फ मारायला सांगून तीन ठिकाणी मोजमाप घ्यावे. मीटरची टोके क्लॅम्पवर न टेकवता बॅटरीच्या शिशाच्या खुंटीवरच टेकवावीत, कारण अनेकदा दोष खुंटी आणि क्लॅम्प यांच्या मध्येच दडलेला असतो. सेल्फ फिरत असताना बॅटरीचा व्होल्टेज साडेनऊच्या खाली गेला, तर बॅटरी तरी दुबळी आहे किंवा सेल्फ आत अडकत आहे. उलट तो १२ च्या आसपास टिकून राहिला आणि तरी सेल्फ हळू फिरत असेल, तर प्रवाह वाटेत किंवा सेल्फच्या आतच अडतो आहे, असे समजावे. मग ऋण खुंटी ते इंजिनाचा उघडा धातू आणि धन खुंटी ते सेल्फचा बोल्ट अशी दोन मोजमापे घ्यावीत. माझ्या अनुभवात अर्थिंगच्या बाजूला पाव व्होल्टाहून अधिक फरक चालवून घेऊ नये. माझ्या गाडीत तो नंतर विचार करता ३ व्होल्टांच्या घरात असला पाहिजे, पण त्या वेळी मी मीटर हातात घेतलाच नव्हता. या सगळ्या तपासणीला दहा मिनिटे लागतात, आणि नवशिक्यांना नेमकी तीच दहा मिनिटे जड जातात. पाना हातात घेण्याआधी मीटर हातात घेण्याचा संयम नसेल, तर जुनी गाडी बाळगू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरी चूक मला याहून अधिक धोकादायक वाटते. चार्जिंग होते की नाही हे पाहण्यासाठी चालू इंजिनावर बॅटरीचे टर्मिनल काढणे, ही अनेक गॅरेजांत रुळलेली युक्ती आहे. अल्टरनेटर, म्हणजे डायोड असलेले वीज-जनित्र, बसवलेल्या गाडीत त्यामुळे क्षणात डायोड जाऊ शकतात, आणि डायनामोच्या (डायोड नसलेल्या जुन्या जनित्राच्या) गाडीतही व्होल्टेज आवरणारी बॅटरीच नाहीशी झाल्याने बल्ब उडण्याची भीती असते. शिवाय चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन निघत असताना तिच्या तोंडाशी ठिणगी पाडणे म्हणजे जिवाशी खेळ आहे. इंजिनाचा वेग वाढवून बॅटरीवर मीटर लावावा. व्होल्टेज १४ च्या आसपास चढला, तर चार्जिंग ठीक आहे. डायनामो असेल, तर आयडलिंगवर चार्जिंगचा लाल दिवा मंद लुकलुकणे स्वाभाविक आहे, त्यासाठी कटआउटचे (डायनामो बॅटरीला जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचचे) पॉइंट वाकवत बसू नये.

फ्यूजच्या जागी सिगारेटच्या पाकिटातली चांदी किंवा तार कधीही घालू नये.

सेल्फ सलग दहा सेकंदांहून अधिक मारू नये आणि मध्ये अर्धा मिनिट थांबावे.

केबल विकत घेताना बाहेरची जाडी न पाहता टोक सोलून आतले तांबे पाहावे.

पन्नासच्या दशकातली मॉरिस असेल, तर तिची धन बाजू अर्थ केलेली असू शकते, म्हणून दुसऱ्या गाडीवरून जंपर लावण्याआधी बॉडीला कोणती खुंटी जोडलेली आहे, ते डोळ्यांनी पाहून घ्यावे.

पावसाळा संपला, की मी दर वर्षी दोन्ही क्लॅम्प आणि इंजिनाची पट्टी सोडवतो, खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने टर्मिनलवरची पांढरी बुरशी धुतो, ती जागा कोरडी करून घासतो, सगळे आवळून झाल्यावरच वरून व्हॅसलीन लावतो आणि शेवटी सेल्फ मारून ऋण खुंटी ते इंजिन हा एकच आकडा तारखेसह वहीत लिहितो.